कमलाबाईंचा बटाटा

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्याविषयी काही छापून आलं की त्यात सी. व्ही. रामन हमखास असतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला (माहेरच्या भागवत) बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. मुलगी म्हणून संचालक रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर का होईना, आत गेल्याच. प्रसंग मोठाच आहे. पण पुढे केंब्रिजला त्यांनी केलेलं काम मात्र बहुधा एका ओळीत उरकलं जातं: वनस्पतींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवलं. ते काम कळायचं तर पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते, या शोधाचा माग जरा मागून काढावा लागतो.

१७८२-८३च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि किती बर्फ वितळतो ते मोजलं. निष्कर्ष असा निघाला की श्वसन म्हणजे सावकाश चाललेलं ज्वलन. सिंगरेणीच्या खाणींतल्या कोळशावर वाढलेल्या, तेलंगणातल्या आमच्या मंचेरियलमध्ये हे पटायला वेळ लागत नाही. कोळशातला कार्बन ऑक्सिजनशी जुळला की कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता मिळते. ज्वारीच्या भाकरीतल्या पिष्टाचंही शेवटी तेच होतं. पण कोळशाला भट्टी लागते, आणि अंगातलं काम ३७ अंशांवर चालतं. मग ही आग टप्प्याटप्प्याने कोण सोडतं?

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. १८९७ साली बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून नुसता रस काढला, तरी साखर आंबली. म्हणजे काम विकरांचं (एन्झाइमचं) होतं. १९२९ साली जर्मनीत लोहमान यांना, आणि अमेरिकेत फिस्के व भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बराव यांना एटीपी हा रेणू सापडला. पेशीतली बहुतेक कामं त्याच्याच जोरावर चालतात, हे पुढे कळलं. १९३७ साली क्रेब्ज यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून अन्न टप्प्याटप्प्याने मोडणारं रासायनिक चक्र मांडलं. 'नेचर'ने तो लेख परत पाठवला होता.

यातला एक धागा केंब्रिजचा. तिथे डेव्हिड केलिन यांनी यीस्टचं पाणी एका छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिलं. प्रकाशात चार काळसर पट्टे दिसले. पाणी हवेत हलवलं की पट्टे गायब, स्थिर ठेवलं की परत हजर. हे रंगद्रव्य ऑक्सिजनच्या येण्याजाण्याला साथ देत होतं. १९२५ साली केलिन यांनी त्याला सायटोक्रोम हे नाव दिलं. सायटोक्रोम-सी हा त्याचाच एक प्रकार. त्यातल्या लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याकडे सोपवतो. साखळीच्या टोकाचं विकर, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज, ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं आणि पाणी तयार होतं. सायनाइड नेमकं हेच टोक अडवतं, म्हणून ते इतकं घातक.

प्राण्यांत आणि यीस्टमध्ये हे जमलं, पण हिरव्या झाडांचं काय? बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. ते काळं पाडणारं विकरच बटाट्याच्या श्वसनाचं शेवटचं टोक असावं, असं काही जण मानत. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झालेल्या कमलाबाई हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. पुढे रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी हाच बटाटा हाती घेतला. त्यात सायटोक्रोम-सी निघालं आणि सायटोक्रोम ऑक्सिडेजही. १९३९ साली त्या दोघांचं टिपण 'नेचर'मध्ये आलं, आणि त्याच वर्षी कमलाबाईंना पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा.

त्याचा अर्थ असा की माणूस, यीस्ट आणि बटाटा यांच्या श्वसनाची यंत्रणा मुळात एकच आहे. झाड अन्न तयार करतं म्हणून ते श्वसनातून सुटत नाही. पुढे सायटोक्रोम-सीची रचना जीवाजीवांत ताडून पाहणं शक्य झालं. १९६७ साली फिच आणि मार्गोलिआश यांनी तिच्या फरकांवरून वीस जीवांचा वंशवृक्ष काढला. त्याआधी १९६१ साली मिचेल यांनी इलेक्ट्रॉनच्या या प्रवासातून एटीपी कसं तयार होतं ते मांडलं. सुरुवातीला कुणी फारसं मानलं नाही. १९७८ साली नोबेल आलं. हिशोबही बदलत गेला. जुनी पाठ्यपुस्तकं एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी सांगत, आता आकडा ३०-३२च्या घरात धरतात.

पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना कमलाबाईंचा एक विषय होता नीरा, म्हणजे ताडाच्या झाडाचा ताजा रस. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी तो घेतला. नीरा काय चीज आहे हे मंचेरियलकडच्या माणसाला सांगायला नको. ताडी काढणारा गौड पहाटे झाडावरून मडकं उतरवतो तेव्हा रस गोड असतो. दुपारपर्यंत फेस येतो आणि त्याची ताडी होते. यीस्ट ऑक्सिजनवाचून साखर फोडतं. एका ग्लुकोजमागे त्याच्या पदरात जेमतेम दोन एटीपी पडतात. बाकी बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच राहते. म्हणून नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे यीस्टचं फावत नाही. कमलाबाईंनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारते, हे त्यांनी दाखवलं, आणि या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

बटाटा आणि नीरा ही दोन वेगळी कामं म्हणून सांगितली जातात. खरं तर दोन्हींतला प्रश्न एकच होता. साखरेतली ऊर्जा कशी सुटते हे त्यांनी केंब्रिजला पाहिलं, आणि ती यीस्टच्या वाट्याला न जाता उपाशी मुलाच्या वाट्याला कशी येईल, हे मुंबईत.