मांजराची तक्रार

कुत्र्याला शिकवता येतं, मांजराला नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणत असे. मग जुलैच्या एका मुसळधार पावसात रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या पडवीत एक पिवळा बोका येऊन बसला. अंगाला हाडं तेवढी शिल्लक, एक कान फाटलेला. पाऊस थांबला तरी तो उठेना.

माझी मुलगी म्हणाली, “अब्बा, याला शेर म्हणू या.” गझल लिहिणाऱ्याच्या घरात या नावाला दोन अर्थ होते. बोक्याला मात्र लवकरच तिसरा कळला, तो म्हणजे ‘मासे आले’.

बायकोनं बजावलं, “अहो, पडवीत राहू दे. घरात घाण केली तर मी काढणार नाही.” निकाल अम्मीनं दिला. तिचं वय ऐंशीच्या पुढचं. तिनं मला हजरत अबू हुरैरांची आठवण करून दिली. त्यांनी सांगितलेल्या हदीस संख्येनं सर्वांत जास्त आहेत, आणि या नावाचा अर्थच मुळी ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ असा आहे. शेर घरात आला.

भटकं मांजर घरात घ्यायचं तर पहिली फेरी पशुवैद्यकाकडे. जंताचं औषध आणि रेबीजची लस या दोन गोष्टी टाळू नयेत. मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करून देऊ नये. आम्ही शेरला आठवडाभर एकाच खोलीत ठेवलं. तिथं एका कोपऱ्यात खाणंपिणं आणि अगदी समोरच्या कोपऱ्यात पसरट प्लास्टिकच्या टबात चार बोटं चाळलेली वाळू. मांजराला आपली घाण पुरायची उपजत सवय असते. ती शिकवावी लागत नाही, आपण फक्त जागा द्यायची. जेवणाच्या ताटाशेजारी मात्र कुणीच संडासाला बसत नाही. मांजरही नाही. शेरनं दुसऱ्या दिवशीच टब ओळखला.

दूध द्यायचा मोह आवरला. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि मग दोष सवयीला दिला जातो. त्याला बिनमिठाचा, काटे काढलेला उकडलेला मासा आणि दुकानात मिळणारं कोरडं खाद्य सुरू केलं. कांदा-लसूण मांजराला विषारी, म्हणून कालवणातला तुकडा बंद.

सोफ्यावर नखं घासायला लागला तेव्हा एका लाकडी खांबाला काथ्या गुंडाळून तो सोफ्याशेजारीच उभा केला. नखं घासणं ही मांजराची गरज आहे. ती बंद करता येत नाही, दुसरीकडे वळवता येते. रात्री उड्या मारायचा, म्हणून झोपण्यापूर्वी दोरीशी दहा मिनिटं खेळ आणि मग जेवण. ताट वाजवण्याआधी रोज नावानं हाक मारत गेलो, तर पंधरवड्यात ‘शेर’ म्हटलं की यायला लागला. मांजराला वळण लावलं म्हणून मी चारचौघांत मिरवू लागलो.

आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं अम्मीच्या जानमाजवर लघवी केली.

मांजर पाण्याला तोंड लावून गेलं तरी आमच्याकडे ते पाणी नापाक मानत नाहीत. लघवीची गोष्ट वेगळी. ती नमाजाची चटई, तीही अम्मीनं वर्षानुवर्षं वापरलेली. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि शेरला दोन तडाखे दिले. तो कपाटाखाली गेला. संध्याकाळी न्हाणीघरात तेच, रात्री दारापाशी तेच. मी पुन्हा हात उगारला, तेव्हा मुलगी म्हणाली, “अब्बा, थांबा. तो किती वेळ नुसता बसलाय. थेंबसुद्धा पडत नाहीये.”

त्या रात्री डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी पोट चाचपून पाहिलं. मूत्राशय चेंडूसारखं टणक लागत होतं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, शरीरातलं विष बाहेर पडत नाही, आणि दिवस-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. भूल देऊन नळी घालावी लागली. शेर दोन दिवस तिथंच होता. टबात बसलं की दुखतं, म्हणून टब वाईट, असं त्यानं आपल्या परीनं ठरवलं होतं आणि न दुखणारी जागा शोधत तो घरभर फिरत होता. मी त्याला आजारासाठी मारलं होतं.

घरी आल्यावर अम्मीनं एवढंच सांगितलं की, मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या एका बाईला त्याची शिक्षा भोगावी लागली, हे तुला लहानपणी सांगितलं होतं. जानमाज तिनं स्वतः तीनदा धुतली होती.

डॉक्टरांनी कारण समजावलं. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज कोरड्या मुलखातलं रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. पण तहान अजून त्याच कोरड्या मुलखातली आहे. मांजर पाणी कमीच पितं, अंगाला लागणारं पाणी शिकारीतून घेतं. नुसतं कोरडं खाद्य मिळालं की लघवी दाट होते. घरातल्या ताणानंही हा त्रास बळावतो. मग आम्ही खाणं ओलं केलं, पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली, आणि टब एकाचे दोन केले. जितकी मांजरं त्याहून एक टब जास्त, असा हिशेब. दोन्ही टब रोज साफ करायचे.

आणखी एक चूक निघाली. लघवीचा वास जावा म्हणून आम्ही लादी फिनेलनं पुसत होतो. मांजर त्या लादीवरून चालतं आणि पंजे चाटतं. फिनेलमधली काही द्रव्यं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. पॅरासिटामॉलचंही तसंच, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आता साबणाचं पाणी आणि त्यानंतर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर, एवढंच वापरतो.

बोका उभा राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल, तर ती हद्दीची खूण असते. त्यावर नसबंदी हा चांगला उपाय आहे. शेर बरा झाल्यावर तीही करून घेतली.

घरी परतल्यावर तीन आठवडे तो मी बसलो असेन त्या खोलीत आला नाही. हाक मारली तर दारातून बघायचा आणि अम्मीकडे जायचा. मारानं तो काय शिकला असेल, तर एवढंच शिकला. मग एका संध्याकाळी मी लिहीत असताना तो येऊन कागदांवर बसला. मी लिहिणं थांबवलं.

तुमच्याही दारात पावसाचं एखादं मांजर येईल. त्याला घरात घ्या. वळण लागतं, वेळ लागतो. पण लागलेलं वळण एके दिवशी अचानक मोडलं, तर हात उगारण्याआधी ते किती वेळ बसलंय आणि थेंब पडतोय का, एवढं पाहा. मांजराला दुखतं म्हणून सांगता येत नाही. ते भलत्या जागी बसून सांगतं.