दोन मिनिटं गप्प

भाताच्या आवणीचे दिवस. कामशेतहून आत असलेल्या एका गावातली माध्यमिक शाळा. नववीची हजेरी निम्म्यावर आलेली आणि आलेल्यांच्याही पोटऱ्यांना चिखल. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की पुण्याहून आलेल्या समुपदेशक ताईंना नियम दोनदा ओरडून सांगावा लागला. जोड्या करा. एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही.

माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी अर्ध्या मिनिटातच ‘अगं, टेन्शन नको घेऊ’ म्हणाली. बोलणारी तिथेच थांबली आणि वहीचा कोपरा दुमडू लागली. (घरी मीही हेच म्हणतो.) ताईंनी कानावर पडलेली वाक्यं फळ्यावर उतरवली : ‘सोड ना’, ‘मग अभ्यास कर’, ‘माझं तर याहून बेकार आहे’. यातलं काय ऐकल्यावर तुम्ही पुढे बोलाल? वर्ग हसला, मग गप्प झाला.

हा खटाटोप कशासाठी? 2022 मध्ये महाराष्ट्रात 1,764 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. शाळा-कॉलेजांत समुपदेशक नेमा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलं. ते हवंच. पण युरोपातल्या 10 देशांत, 168 शाळांतल्या 11 हजारांवर मुलांचा एक अभ्यास 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. नुसत्या शिक्षकांच्या प्रशिक्षणानं तिथे ठळक फरक पडला नाही. जिथे मुलांनाच छोट्या नाटुकल्यांतून बोलतं केलं, तिथे वर्षभरानं आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. मला त्यात नवल वाटत नाही. बाईंच्या आधी शेजारच्या बाकाला कळलेलं असतं.

वर्गातला अवघड भाग पुढे होता. ‘जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?’ हे मित्राला सरळ विचारायचं. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे ताईंनी आधी सांगितलं होतं. तरी पहिल्या मुलाचा आवाज ‘जगावंसं’पाशीच अडकला. तिसऱ्या खेपेला वाक्य पुरं झालं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

‘आणि त्यानं शपथ घातली तर? कुणाला सांगू नको म्हणून?’ मागून प्रश्न आला.

‘ती शपथ घ्यायची नाही. म्हणायचं, हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, चल, आपण दोघं बाईंकडे जाऊ. आणि त्याला एकटं सोडायचं नाही.’

‘रात्री अकराला बाई फोन उचलतील?’

दारात उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका क्षणभर घुटमळल्या. मग आत येऊन त्यांनी फळ्यावर स्वतःचा नंबर लिहिला. त्याखाली ताईंनी 14416 लिहिला : टेलीमानस, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

‘आमच्या वाडीत रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते,’ खिडकीजवळचा पोरगा म्हणाला.

‘मग पायरीपर्यंत त्याच्याबरोबर तू जायचं,’ बाई म्हणाल्या.

त्यानं दोन्ही नंबर तळहातावर उतरवून घेतले. पाऊस पाहून मग वहीतही लिहिले.