नदी रुसली, तार टिकली

'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' वाचली असेल, निदान नेटफ्लिक्सवर पाहिली असेल, तर सोन्याचे मासे घडवत बसणारा कर्नल तुम्हाला आठवेल. तसले मासे आजही हाताने घडतात. कुठे? कोलंबियात, मोम्पोस नावाच्या गावात.

सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मॅग्दालेना नदीकाठी हे गाव वसवलं. किनाऱ्यावरच्या कार्ताहेना बंदरातून आतल्या मुलखात जाणारा माल याच नदीने जायचा, सोनं याच वाटेने यायचं. सोनं आलं की सोनार येणारच! १८१० मध्ये तर या गावाने स्पेनपासून थेट स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. आणि मग? गाळ साचला, नदीचा मुख्य प्रवाह दुसऱ्या फाट्याकडे वळला, बोटी गेल्या, व्यापारी गेले. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून लोखंडी जाळ्यांच्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, सांता बार्बारा चर्चचा अष्टकोनी मनोरा, सगळं तसंच राहिलं. १९९५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. आपण ज्याला 'काय शांत गाव आहे यार' म्हणतो, ती शांतता अशी आलेली असते.

कारागिरी मात्र टिकली. तिचं नाव फिलिग्राना, आपल्याकडचं तारकाम. कटकची तारकशी पाहिली असेल तर लगेच ओळखाल. चांदी मुशीत वितळवायची, कांब करायची आणि पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत केसाएवढी तार काढायची. दोन तारांना पीळ द्यायचा, चेपायचं, चिमट्याने वेटोळी वळवून जाड तारेच्या चौकटीत बसवायची. मग टाकणखार लावून डाख द्यायचा. आच जरा जास्त झाली की तारेचाच गोळा! यात मोठं यंत्र लागत नाही, घरातल्या टेबलावर काम होतं. गाव ओस पडूनही ते टिकलं, त्याचं एक कारण हेच असावं.

आता २०२० पासून नदीवर मोठा पूल आहे, पूर्वीसारखी फेरीबोटीची वाट पाहावी लागत नाही. पर्यटक वाढले की साच्यातला स्वस्त माल मागोमाग येतोच, हे आपण आपल्याही बाजारपेठांत पाहतो. म्हणून कधी गेलात, किंवा हुपरीत चांदीचं काही घ्यायला गेलात तरी, दागिना उजेडात धरा. हाताच्या कामात दोन वेटोळी तंतोतंत सारखी नसतात. आणि भाव करण्याआधी तो घडवायला किती दिवस लागले, हे विचारा.