वेग, दंड आणि आपला जीव

आरोग्याच्या सदरात वाहतुकीचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. पण घरातला कर्ता माणूस तापाने गेला काय किंवा रस्त्यावर गेला काय, घर सारखेच उघडे पडते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी अहवालाप्रमाणे त्यांपैकी शंभरात ७१ मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होते. एखाद्या तापाने इतके बळी घेतले असते, तर आपण त्याला साथ म्हटले असते. अपघाताला मात्र आपण 'नशीब' म्हणतो.

वेगाने शरीराचे काय होते?

ताशी ५० किलोमीटर वेगाने दुचाकी भिंतीवर आदळली, तर बसणारा मार साधारण तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. कवटी, बरगड्या, यकृत, प्लीहा हे अवयव एवढा धक्का सोसण्यासाठी घडलेलेच नाहीत.

दुसरी गोष्ट थांबण्याची. समोर अचानक मूल आले, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. ताशी ४० वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ताशी ८० वेगाची गाडी मात्र सुमारे ५७ मीटर घेते. वेग दुप्पट, पण अंतर जवळजवळ तिप्पट! पावसात ते आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

मग कायदा कडक केला की झाले?

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अतिवेगाचा दंड पूर्वी ४०० रुपये होता. तो मोटारीसारख्या हलक्या वाहनांसाठी एक ते दोन हजार, तर ट्रक-बससाठी दोन ते चार हजार रुपये झाला. पण २०१९ मध्ये देशात १,५१,११३ मृत्यू झाले होते, ते २०२२ मध्ये वाढले. म्हणजे कायदा निरुपयोगी आहे का? तसे नाही. दंडाचा आकडा मोठा असून भागत नाही; आपण पकडले जाऊच, ही खात्री चालकाला वाटली पाहिजे. औषध कितीही जालीम असो, बाटलीत ठेवून ताप उतरत नाही.

फ्रान्सचे उदाहरण पाहा. तिथे २००२ साली सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. २००३ पासून रस्तोरस्ती वेग टिपणारे स्वयंचलित कॅमेरे बसू लागले. वशिला नाही, हुज्जत नाही. दंडाची नोटीस थेट घरी. मद्यपी चालकांवरील कारवाईही वाढली. २०१० मध्ये मृत्यू चार हजारांच्या खाली आले.

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले. त्यानंतर पोलिसांची कारवाई वाढली, धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले गेले, जखमींना लवकर मदत मिळू लागली. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कायदा, रस्ता आणि उपचार या तिन्हींची जोड मिळाली, तेव्हाच हा गुण आला.

गावातल्या रस्त्याचे काय?

प्रत्येक फाट्यावर कॅमेरा बसणार नाही. तिथे रस्त्यानेच वेग कमी करायला लावले पाहिजे. शाळेजवळ नियमाप्रमाणे बांधलेले, पांढरे पट्टे मारलेले गतिरोधक हवेत. रंग नसलेला उंचवटा रात्री स्वतःच अपघात घडवतो. अशी मागणी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी करावी.

आपण एवढे करावे

१. घरून दहा मिनिटे आधी निघावे.
२. वस्ती, शाळा, बाजार आला की ताशी ३० च्या वर जाऊ नये.
३. हेल्मेट डोक्यावर घालून पट्टा बांधावा. आरशाला टांगू नये.
४. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये.
५. अपघात दिसल्यास १०८ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास वीस किलोमीटरच्या वाटेवर फक्त पाच मिनिटे वाचतात. त्या पाच मिनिटांसाठी घरच्यांनी जन्मभर वाट पाहावी का, हे गाडी सुरू करतानाच ठरवावे.