गुडघ्याचा तुटलेला बंध

देवास जिल्ह्यातील उदयनगर हे विंध्याच्या डोंगराळ मुलखातले गाव. तेथे बर्फ पडत नाही, आणि पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ तेथील मुलांनी पाहिला असेल तर तो चित्रातच. तरीही त्या खेळात युरोपातल्या हौशी माणसांचा गुडघा ज्या रीतीने निकामी होतो, त्याच रीतीने कबड्डीच्या मैदानावर आमच्या एका विद्यार्थ्याचा झाला. पाऊल जमिनीला खिळलेले, वर शरीर गर्रकन वळलेले, आणि आत 'कट्' असा आवाज! तासाभरात गुडघा टम्म फुगला. पंधरा ऑगस्टचे सामने होते ते.

मी शिक्षक आहे, वैद्य नव्हे. परंतु त्या मुलाच्या निमित्ताने मला जे शिकावे लागले, ते आज आपणांस सांगणार आहे.

मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या पोटात बांधून ठेवणारे दोन बंध असतात. ते फुलीसारखे एकमेकांस छेदून जातात. त्यांतील पुढचा बंध जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला भलत्या पिळापासून आवरणे हे त्याचे काम. तो तुटला तरी मनुष्य सरळ वाटेने चालू शकतो, आणि फसगत होते ती येथेच. सूज ओसरली की दुखणे बरे झाले असे वाटते. मग एके दिवशी वळताना गुडघा आपोआप 'निसटतो'. एक्स-रेत हाड दिसते, बंध दिसत नाही. त्यामुळे 'फोटो चांगला आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. जाणत्या डॉक्टरने हातांनी नडगी पुढे ओढून केलेली परीक्षा, आणि जरूर तर एम. आर. आय., यांवरून निदान होते. आमच्या भागात प्रथम पहिलवानाकडे मालिशला जाण्याची चाल आहे. ताज्या, रक्त साकळलेल्या गुडघ्यावर जोराचे मर्दन म्हणजे दुखण्यात भर! मीही त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी 'चाल, म्हणजे मोकळा होईल' असे म्हटले होते. ते आठवले की आजही शरम वाटते.

बंध तुटला हे ठरल्यावर प्रश्न उभा राहतो तो शस्त्रक्रियेचा. तुटलेली टोके शिवण्याचा प्रयत्न जुना आहे. 1895 साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी एका खाणकामगाराचे बंध शिवले होते. पुढे 1917 मध्ये हे ग्रोव्ह्ज यांनी शरीरातलीच दुसरी पट्टी घेऊन नवा बंध घडविण्याची रीत मांडली. आजही बहुधा तेच करतात. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने, हाडांत भोके पाडून ती बसवितात.

परंतु प्रत्येकालाच हे करावे लागते काय? स्वीडनमध्ये 121 तरुण, हिंडत्याफिरत्या रुग्णांवर या प्रश्नाची परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटातील 59 जणांना आधी शिस्तीने व्यायाम दिला, आणि गरज भासल्यास शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांत त्यांपैकी 23 जणांनी ती करून घेतली, 36 जणांना तिची गरज पडली नाही. आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र पाच वर्षांअखेर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांची संख्या 30 झाली होती. शिवाय धंदेवाईक खेळाडू या परीक्षेत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. उलट, दुखापत जुनी होऊनही ज्यांचा गुडघा निसटतच राहतो, त्यांना शस्त्रक्रियेनेच अधिक गुण येतो, असे 2022 साली ब्रिटनमधील 316 रुग्णांवरून दिसून आले.

म्हणजे बहुतेकांना विचार करायला सवड असते. अपवाद आहेत. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा अनेक बंध तुटले असतील, तर विलंब नको. पाऊल गार वा बधिर पडले असेल तर तासभरही थांबू नये. एरवी मात्र सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्यास तो आखडलेलाच राहण्याचा धोका असतो.

मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "माट्साब, ऑपरेशन झालं की कामाला कधी लागेल?" प्रश्न रास्त होता. नवा बंध बसविल्यावर तो प्रथम कमकुवत होतो, मग हळूहळू पक्का होतो. खेळायला परतण्यास निदान नऊ महिने द्यावेत असे सांगतात. कुस्तीगीर विनेश फोगाट हिच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात ती पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली. पण तिच्यामागे व्यायाम करून घेणारी माणसे होती. उदयनगरच्या मुलाला इंदूरला खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला एक दिवस आणि एकाची मजुरी बुडते. आयुष्मान कार्डाने रुग्णालयाचा खर्च भागेल, ही मजुरी भागत नाही. जंतुसंसर्ग, आखडणे, पुन्हा तुटणे हे धोके वेगळेच. आणि शस्त्रक्रिया केली म्हणजे उतारवयातला संधिवात टळतोच, असेही नाही.

आम्ही तीन महिने व्यायाम करून पाहिला. यंत्रे नव्हती, भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, शाळेच्या पायरीवर चढउतार, एका पायावर तोल. सपाट रस्त्यावर तो उत्तम चालू लागला. परंतु सोयाबीनचा भारा घेऊन उतरताना गुडघा दोनदा निसटला, आणि दुसऱ्या खेपेस आतली गादीही चिरली. त्याचे शेत उतारावर आहे. तो शहरात दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा असता तर कदाचित निर्णय निराळा झाला असता.

नाताळच्या सुटीत शस्त्रक्रिया झाली. गव्हाचे काम बापाने एकट्याने ओढले. आता चौथा महिना चालू आहे. जूनमध्ये पेरणीला हलके काम करता येईल असे डॉक्टर म्हणतात. मधल्या सुटीत तो पायरीवर चढउतार करतो, मी मोजतो. मैदानावरून कबड्डीचा आवाज आला की तो माझ्याकडे पाहतो, आणि मी नकारार्थी मान हलवितो.