बडबड किती, बघणारे किती?

११ जुलै २०१३ ला अमेरिकेत साय-फाय चॅनलवर ‘शार्कनेडो’ नावाचा पिक्चर लागला. वादळातून शार्क उडत येतात, बस्स, एवढीच स्टोरी! ट्विटरवर मिनिटाला ५,००० पर्यंत ट्वीट्स पडले, पण टीव्हीसमोर माणसं होती जेमतेम १४ लाख. गंमत म्हणजे या बडबडीमुळे पुढच्या रिपीटला जास्त लोक आले.

तर मित्रांनो, बडबड वेगळी आणि बघणं वेगळं. मग जाहिरातवाले ती मोजतात कशाला? टीआरपीचे मीटर निवडक घरांत असतात. कोणतं चॅनल किती वेळ चालू होतं, ते कळतं. बघणाऱ्याला आणखी काय आवडतं, ते नाही. त्यासाठी ‘ॲफिनिटी’.

गणित आपल्या प्रोबॅबिलिटीतलंच आहे. समजा, सगळ्या युजर्सपैकी २ टक्के लोक एका चहाच्या ब्रँडबद्दल बोलतात, पण एका सिरियलवर लिहिणाऱ्यांत हेच प्रमाण ६ टक्के निघालं. ६ भागिले २, लिफ्ट आली ३. १ आली असती तर खास नातं नाही. नुसत्या पोस्ट मोजल्या तर क्रिकेट दरवेळी जिंकणार, कारण त्यावर सगळेच बोलतात! म्हणून हा भागाकार.

पण साध्या मोजणीत शिव्यासुद्धा एंगेजमेंटच धरतात. आणि जे लिहीतच नाहीत त्यांचं काय? आपल्या मेसच्या मावशी सिरियलचा एक भाग चुकवत नाहीत, पोस्ट मात्र शून्य. म्हणजे या हिशेबात त्या नाहीतच. आणि चहा पावडर आणतात त्याच!