आमची फुलराणी

१२ फेब्रुवारी २००१. वाईचा प्रयोग आटोपून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर गाडीला अपघात झाला आणि अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. वय अवघं बावन्न. प्रयोग होता ‘पु.ल., फुलराणी आणि मी’. खुद्द पु.लं.ना जाऊन तेव्हा बरोब्बर आठ महिने झाले होते!

बातमी आली तेव्हा आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. बाबांनी ‘ती फुलराणी’ची कॅसेट काढली, करंगळीने रीळ घट्ट केलं आणि थेट मंजुळाच्या स्वगतापाशी नेली. आई पदराने डोळे टिपत हसत होती. त्या स्वगताला हसू न येणं शक्यच नाही.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु.लं.नी रचलेलं हे नाटक १९७५ सालचं. समोर सतीश दुभाषींसारखा तगडा नट, तरी लक्षात राहायची फुलवाली मंजुळाच. गावठी ठसका ते शुद्ध उच्चार हा प्रवास भक्तीताई नुसत्या आवाजावर करायच्या. ही बाई दूरदर्शनवर बातम्याही द्यायची, बरं का.

हिंदीवाल्यांना त्या ‘जाने भी दो यारो’तली बेरकी संपादक शोभा म्हणून ठाऊक. आम्हाला मात्र मंजुळा. नंतरच्या फुलराण्याही पाहिल्या, चांगल्या होत्या. पण कान हटवादी असतात.